भिंतीचं बूच

नत्थूजी नसते, तर मी एव्हाना नोकरी घालवून कोकणातल्या आमच्या गावी परत गेलो असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांची थोडी टर उडवणार आहे आणि कुणाचा गैरसमज नको.

नत्थूजी घरी आलेल्या माणसाच्या हातात पाण्याआधी बूच ठेवतात. बाटलीचं, साधं. "दाब," म्हणतात. माणूस दाबतो. "आता सोड." बूच हळूहळू फुगून पूर्वीसारखं होतं. "पाह्यलं? किती बी दाबा, रुसून बसत नाई." मग पाण्याचा पेला येतो. त्यातही एक बूच तरंगत असतं.

सगळा जन्म त्यांनी औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना बुचं बसवण्यात घालवला. प्लास्टिकची झाकणं आली तेव्हा उरलेली बुचं भट्टीत जाणार होती. नत्थूजींनी ती मागून घेतली आणि पोती भरून घरी आणली. आता त्यांच्या खाटेच्या पायांखाली बूच, पातेल्याच्या झाकणाला धरायला बूच, दाराच्या फटीत बूच. वस्तीत त्यांना बुचाजीच म्हणतात.

ज्या ओकच्या झाडापासून हे बूच निघतं ते दूर परदेशात. नत्थूजींनी ते जन्मात पाहिलेलं नाही. पण बोलतात असे, की जणू मामाच्या वावरात उभं आहे. "साल सोलून नेतेत, तरी थे झाड मरत नाई गा. आठ-दहा वर्षांत नवी साल घालून पुन्हा तयार! पाणी आत येऊ देत नाई, आगीले भीत नाई. आपलं कातडं असं सोललं तं?"

एकदा त्यांनी अंगणातल्या आपल्या देशी बुचाच्या झाडाची साल काढली. तेच ते, लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचं. त्या सालीचं बूच कातून शेजारच्या वच्छलाबाईंच्या तेलाच्या बाटलीला बसवलं. दोन दिवसांत बुचाचा भुगा तेलात आणि तेल वच्छलाबाईंच्या डोक्यात.

"बुचाजी, माह्या डोक्यात आरा मशीन टाकली का तुमी?"

"झाडाले त्याचं काम येत नाई, मी काय करू?" नत्थूजी म्हणाले. पण संध्याकाळी त्या सोललेल्या खोडाला स्वतःचं जुनं धोतर गुंडाळताना मी त्यांना पाहिलं.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. गिरणीत रातपाळीला लागलो आणि नत्थूजींची मागची खोली भाड्याने घेतली. खोलीत चूल आधीपासून होती, वरचा कोपरा धुराने काळा झालेला. भांडीही त्यांनीच दिली, पातेल्यावर 'सौ. मंजुळा' असं कोरलेलं. त्यांच्या नि माझ्या खोलीत फक्त फळ्यांची भिंत. दिवसा मी आडवा झालो की पलीकडून बोलणं सुरू. वांग्यांचा भाव, ऊन, कोणाचं मांजर, प्लास्टिकचा सत्यानाश. वाटलं, पाहुणा असेल. डोकावलो, तर नत्थूजी भिंतीकडे तोंड करून एकटेच!

झोप होईना. शेवटी गिरणीत पेंगताना मुकादमाने पकडलं आणि बजावलं, पुन्हा दिसलास तर थेट गावची गाडी धर. नत्थूजींना बोलायची छाती नव्हती. खोली गेली तर परक्या गावात जाणार कुठे?

त्यांनीच विचारलं, "डोळे काहून लाल गा? पिऊन राहिला का?"

"नाही हो. झोप होत नाही."

"काहून?"

वच्छलाबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "एक बूच सोताच्या तोंडाले लावा, पोराले झोप लागंन!"

नत्थूजी एवढंसं तोंड करून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरून आलो, तर ते बुचांच्या चकत्या कापून खळीने आपल्या बाजूने भिंतीवर चिकटवत होते. खालपासून वरपर्यंत, फळी दिसेनाशी झाली. "बूच आवाज पिऊन टाकते," म्हणाले. "झोप आता राजावानी."

खरंच झोपलो. नोकरी टिकली. पण वच्छलाबाई म्हणाल्या, "म्हातारा मुका झाला गा. माह्याशी भांडून बी नाई राहिला."

आठवड्याने पाहतो तर भिंतीला भोक, भोकात फुटक्या बाटलीची मान आणि तिला पलीकडून बूच. संध्याकाळी मी उठून भांडी वाजवली, की पलीकडे 'पॉक!' आणि मानेतून आवाज, "उठला का गा?" मग वांग्यांचा भाव. माझी झोप व्हायच्या आत ते बूच एकदाही निघालं नाही.

एकदा मी चुलीवर भाकरी टाकत होतो. पॉक झालं. नेहमीपेक्षा मऊ आवाज आला, "मंजुळे, झाला का वं सैपाक?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. मग हळूच, बूच परत सरकवल्याची करकर.

पातेल्यावरचं नाव! म्हणजे ते इतके दिवस कुणाशी बोलत होते ते आता कळलं. आणि माझ्या झोपेसाठी त्यांनी कुठली भिंत बंद केली होती, तेही.

मी उलथन्याने फळी ठोकली. बूच निघालं.

"झाला," मी म्हणालो. "या जेवायला."

आले. कुळथाचं पिठलं चाखून म्हणाले, "हे का घोड्याचं खाणं चारून राहिला मले?" आणि दोनदा वाढून घेतलं.

तेव्हापासून दोन भाकऱ्या जास्त टाकतो. पण तेवढ्याने फिटायचं नाही. कुठून आणि कशी ते ठाऊक नाही, पण कधीतरी त्या परदेशी झाडाची आख्खी, खडबडीत साल मी मिळवणार आहे. ती नत्थूजींच्या हातात ठेवीन आणि पाणी द्यायच्या आधी म्हणेन, "दाबा."