नीलाताईंचं प्रॅक्टिकल

दसऱ्याच्या दिवशी सकाळी हरिहररावांनी, कोणीही न सांगता, घरातलं एक काम करायचं ठरवलं. लग्नाच्या एकतीस वर्षांत असं एकदाच घडलं होतं. (तेव्हा प्लंबर बोलवावा लागला होता.)

नीलाताई झेंडू आणायला टेंभी नाक्यावर गेल्या होत्या. देवघरात घटातलं धान नऊ दिवसांत जेमतेम दोन बोटं वाढलेलं, तेही पिवळं. आणि बाल्कनीतल्या ट्रेमध्ये वीतभर, हिरवंगार! जास्तीचं धान बायकोने उन्हात ठेवलं असणार, असा हरिहररावांनी परस्पर निकाल लावला. कात्री घेतली, ट्रे सफाचट केला, चार पाती स्वतःच्या कानावर खोचली आणि वर्तकनगरातल्या आपल्या सोसायटीत घरोघर धान वाटून आले. "यंदा काय आलंय हो तुमचं धान!" असं जो तो म्हणाला. हरिहररावांना घर आपल्या फुगलेल्या छातीसाठी अपुरं वाटू लागलं.

नीलाताई आल्या, बाल्कनीत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"अहो, ट्रेमधलं कुठेय?"

"वाटलं! चौतीस घरं. एक घर सोडलं नाही."

नीलाताई चपलांच्या स्टँडवर बसल्या. "ते धान नव्हतं हो. ती माझी परीक्षा होती!"

नीलाताई दोन वर्षं हॉर्टिकल्चरल थेरपीचा पदव्युत्तर कोर्स करत होत्या. बागकाम करून घेत माणसं बरी करायची. (हरिहरराव लोकांना 'ती झाडांना औषध देते' असं सांगत.) कोपरला राहणाऱ्या जगनरावांचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला होता. नीलाताईंनी सहा आठवडे मेहनत घेतली, तेव्हा कुठे त्यांनी त्याच हाताने एकेक दाणा उचलून हा गहू पेरला होता. परीक्षक आसावरीबाई सणाला ठाण्यात लेकीकडे आलेल्या, म्हणून परीक्षा आजच, घरीच, चार वाजता. जगनरावही येणार होते.

"आपण पुन्हा पेरू या ना!"

"चारपर्यंत उगवेल?"

हरिहररावांनी पुन्हा चौतीस दारं ठोठावली. "देवाचं दिलेलं कोणी परत मागतं का?" म्हणून सरोजकाकूंनी दार लावलं. बाकीचं धान स्कूटरना, फ्रिजना, एका लॅपटॉपला वाहिलेलं. हाती लागली सात पाती, त्यातल्या दोन पात्यांना कुंकू.

चार वाजता आसावरीबाई वही उघडून बसल्या. "हात किती वर जातो यांचा?"

"छातीपर्यंत," नीलाताई पुटपुटल्या. "त्याच्या वर अजून नाही."

जगनरावांनी ट्रेकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. हरिहररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते जगनरावांच्या खुर्चीसमोर येऊन वाकले आणि म्हणाले, "मी कापलं. चुकलो हो."

जगनरावांनी मान वर केली. आणि त्यांना हरिहररावांच्या कानावरची ती चार पाती दिसली. (चौतीस घरं पालथी घालणाऱ्या माणसाने आपला कान तेवढा तपासला नव्हता.)

लुळा हात हलला. छातीपर्यंत आला. नीलाताईंनी श्वास रोखला. हात छातीच्या वर गेला, खांद्याच्याही वर गेला, आणि पात्यांसकट हरिहररावांचा कान त्याने गच्च धरून पिळला.

"आई गं!"

"मनगट फिरतंय!" आसावरीबाई खुर्चीतून उठल्याच. "जगनराव, उलट्या बाजूलाही पिळता येतो का?"

येत होता.

"अहो, हलू नका, मोजतायत त्या!" नीलाताई रडत होत्या, हसत होत्या.

महिन्याभराने निकाल लागला. नीलाताई पहिल्या आल्या. हरिहररावांनी छापील अहवाल मोठ्या अभिमानाने उघडला. आपल्या त्यागाची कुठेतरी नोंद असणारच! प्रस्तावनेत नव्हती. आभारातही नव्हती. शेवटच्या पानावर मात्र 'वापरलेले साहित्य' असा मथळा होता आणि त्याखाली लिहिलं होतं: पसरट ट्रे, माती, गहू, नवरा (एक नग).