तिसऱ्या मजल्यावरील विवाहाची तपासणी

लग्न हा समाजाचा पाया आहे. पाया जमिनीखाली असतो, त्यामुळे तो कसा आहे हे वरून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच वरच्या मजल्यांवरची माणसं निर्धास्त झोपतात. आमच्या इमारतीतही असंच चाललं होतं. मी या इमारतीच्या सोसायटीचा सचिव आहे (बिनविरोध, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं), तेव्हा झाला प्रकार नोंदवून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न कायद्यानं मानायचं की नाही, यावर आमच्या सरकारात बराच काळ खल चालला होता. विरोधकांचं म्हणणं, अशानं कुटुंबसंस्था कोसळेल. बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं, ती इतकी तकलादू असती तर एव्हाना बाकीच्यांनीच पाडली असती. दोन्ही बाजूंचे मुद्दे बिनतोड असल्यामुळे निर्णय होईना. शेवटी कुठलंही जबाबदार सरकार अशा वेळी जे करतं तेच आमच्या सरकारनं केलं आणि प्रश्न खाली ढकलला. परिपत्रक आलं की, ज्या इमारतीत असे जोडपे राहत असेल तेथील सोसायटीने प्रत्यक्ष पाहणी करून सदर संबंध विवाहसदृश आहे किंवा कसे ते कळवावे. सोसायटीनं 'आहे' म्हटलं, तर पक्का कायदा होईपर्यंत त्या दोघांना लग्नाचे सगळे हक्क. 'नाही' म्हटलं, तर ते दोघे एकमेकांचे कोणी नाहीत.

आमच्या तिसऱ्या मजल्यावर घड्याळजी आणि सर राहतात. घड्याळजींचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि सर शाळेत भूगोल शिकवतात. वीसेक वर्षं दोघे एकाच घरात आहेत. इमारतीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कोणी कधी काही विचारलं नव्हतं. याला आमच्याकडे मोठं मन म्हणतात. (तक्रार एकदाच आली होती, आणि तीसुद्धा त्यांच्या भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम टोले देतात एवढीच होती.)

घाई होती ती घड्याळजींच्या हृदयामुळे. पुढच्याच आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली होती आणि 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य डॉक्टरांनी जरा जास्तच वेळा उच्चारलं होतं. घर घड्याळजींच्या एकट्याच्या नावावर. आमच्या नियमांप्रमाणे मालक गेला की घर जोडीदाराला मिळतं, जोडीदार नसेल तर रक्ताच्या नातेवाइकाला. मृत्युपत्र चालत नाही. रक्ताचा नातेवाईक म्हणजे घड्याळजींचा एक पुतण्या. इतकी वर्षं तो इकडे फिरकला नव्हता, पण शस्त्रक्रियेचं कानावर जाताच त्याचं प्रेम उफाळून आलं आणि तो मोजपट्टी घेऊन काकांना भेटायला आला. तब्येतीची चौकशी करता करता त्यानं खिडक्यांची मापं घेतली. (काका, पडदे कुठल्या रंगाचे बरे दिसतील, असंही त्यानं विचारलं.) थोडक्यात, आम्ही 'नाही' म्हटलं आणि घड्याळजींचं काही बरंवाईट झालं, तर सरांना स्वतःच्या घरातून चंबूगबाळं आवरावं लागणार होतं.

रीतसर समिती नेमण्यात आली. अध्यक्ष म्हणून वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक. यांना सगळे काटेसाहेब म्हणतात. भाजीवाले यांना पाहून अजूनही मूठभर मिरच्या जास्त टाकतात. दुसऱ्या सदस्या पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्य बाई. त्यांची तीन लग्नं झालेली असल्यामुळे त्यांना तज्ज्ञ म्हणून घेतलं. तिसरा मी.

"भावनेत जायचं नाही," काटेसाहेबांनी पहिल्याच बैठकीत बजावलं. "माल वजनात भरतो की नाही हे कसं बघतात? दुसऱ्या पारड्यात प्रमाण वजन ठेवून. तेव्हा आधी एक प्रमाण जोडपं आणा."

मी थक्क झालो. माणसं युगानुयुगं लग्नं करत आली आहेत, पण एखादं जोडपं प्रमाणित करून काचेच्या कपाटात ठेवावं हे एकाही राज्यकर्त्याला सुचलं नव्हतं.

शोध सुरू झाला. स्वतः काटेसाहेबांच्या पत्नी बहिणीकडे गेलेल्या होत्या आणि त्या कधी परतणार हे त्यांना विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे विमा एजंट आणि त्यांच्या पत्नी एकमेकांशी मुलीमार्फत बोलतात आणि मुलगी सध्या सहलीला गेली होती. पाचव्या मजल्यावरचे आजी-आजोबा कधीच भांडत नाहीत म्हणून त्यांचं नाव पुढे आलं, पण चौकशीत असं आढळलं की आजोबा कानातलं यंत्र सकाळीच काढून ठेवतात. चौथ्या मजल्यावर एक ताजं लग्न होतं. ते काटेसाहेबांनीच बाद केलं. "ओला माल आहे," ते म्हणाले, "आत्ता जास्तच भरेल. वाळल्यावर बघू."

राहिलो मी आणि माझी बायको. आमच्याविरुद्ध काही नव्हतं, आमच्या बाजूनंही काही नव्हतं, आणि प्रमाण वस्तूचं हेच लक्षण असतं असं काटेसाहेब म्हणाले. मी छाती फुगवून घरी आलो. बायको इस्त्री करत होती.

"आपण प्रमाण जोडपं झालो," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"म्हणजे आदर्श."

"कोणाला विचारून?"

हा संवाद पुढे प्रमाण जोडप्याची पहिली नोंद म्हणून दप्तरी दाखल करण्यात आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटेसाहेब आमच्याकडे येऊन बसले. त्यांची निरीक्षणं अशी. खिडकी तिनं उघडली, त्यानं लावली, तिनं पुन्हा उघडली (या काळात दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही). पतीनं सांगायला घेतलेल्या किश्श्याचा शेवट पत्नीनं स्वयंपाकघरातून आधीच सांगून टाकला. पतीनं विचारलेल्या प्रश्नांपैकी बासष्ट टक्के प्रश्नांना उत्तर मिळालं नाही, उरलेल्यांना प्रतिप्रश्न मिळाला. पत्नीनं पतीला 'अहो', 'ऐकताय ना' आणि 'कुठे तडमडलात' अशा तीन प्रकारे हाक मारली. काटेसाहेब अतिशय समाधानानं उठले.

मग आठ दिवसांच्या नोटिशीऐवजी, शस्त्रक्रिया तोंडावर असल्यामुळे, एका दिवसाची नोटीस देऊन समिती तिसऱ्या मजल्यावर गेली. दोघांनी इस्त्रीचे शर्ट घातले होते. सरांनी चहा आणला.

"आपण घ्या ना आधी," सर घड्याळजींना म्हणाले.

"छे छे, आपण घ्या," घड्याळजी म्हणाले.

खोलीत कोंडल्यासारखं होत होतं, पण खिडकीला कोणी हात लावला नाही. घड्याळजींनी उलट्या फिरणाऱ्या घड्याळाचा किस्सा सांगितला. तो मीच त्यांच्याकडून अनेकदा ऐकलेला आहे, तेव्हा सरांनी किती वेळा ऐकला असेल! तरी सरांनी तो मधे न बोलता पुरता ऐकला आणि शेवटी हसले. मी विचारलं, तुमच्यात मतभेद होतात का? "आम्ही एकमेकांच्या मतांचा आदर करतो," दोघे एकदम म्हणाले. दंतवैद्य बाई माझ्या कानाशी लागल्या. "हे लक्षण काही ठीक नाही," त्या कुजबुजल्या. सरांच्या हातातली बशी सारखी वाजत होती. ते मी लिहून घेतलं नाही, कारण तपासणीत त्याला जागा नव्हती.

निष्कर्ष उघड होता. मसुदा मीच केला आणि तो उत्तम जमला होता. 'सदर इसमांचे परस्परांशी वर्तन प्रमाणाशी जुळत नाही. इतकी अदब विवाहित व्यक्तींमध्ये आढळत नाही. ती शेजारी, भाडेकरू व कोर्टात गेलेले सख्खे भाऊ यांच्यात आढळते. सबब, संबंध विवाहसदृश नाही.' दंतवैद्य बाईंनी लगेच सही केली. त्यांचं दुसरं लग्न असंच 'आपण आपण' करत पहिल्या दिवाळसणापर्यंतही पोचलं नव्हतं.

मसुदा मी घरी बायकोला वाचून दाखवला. तिनं तो मधे न तोडता पुरता ऐकला, जे प्रमाणाला सोडून होतं.

"घाबरले होते हो ते," ती म्हणाली.

"कोणाला? आम्ही नुसता चहा प्यायलो."

"लग्न झाल्यावर वर्षभर मी तुमच्या आईंसमोर अशीच बोलायचे. आपण बसा, आपण घ्या. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला होतात, काय गुणी मुलगी मिळाली म्हणून. मी रोज न्हाणीघरात जाऊन रडायचे."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही कधी पाहणीला आला नाहीत."

मला फार वाईट वाटलं. अहवालात वाईट वाटण्याची तरतूद नसते, म्हणून ते इथे लिहितो आहे.

सकाळी मी काटेसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर ज्या चुकीबद्दल त्यांनी हाताखालच्या माणसांना फैलावर घेतलं, तीच त्यांच्या हातून झाली होती. आगाऊ कळवलं की दुकानदार दाखवायची वजनं वेगळी काढून ठेवतो. तपासणी अचानकच हवी. दंतवैद्य बाईंना बोलावून आम्ही तिघे तसेच चपला हातात घेऊन जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार बंद होतं, पण आवाज बाहेर येत होता.

"ती हत्यारांची पेटी बाहेर काढ. हॉस्पिटलात घड्याळं दुरुस्त करायला चाललायस का?"

"मग तिथे पडून काय करू? छताकडे बघत बसू?"

"बस. आणि गप बस. गोळी घेतलीस?"

"घेतली."

"खोटं बोलू नकोस, पाकीट अख्खं आहे! माझ्या डोळ्यांत धूळ फेकतोयस?"

"तुला कोणी सांगितलं माझ्या गोळ्या मोजायला?"

"मग कोण मोजणार? तुझा पुतण्या? तो खिडक्या मोजतोय!"

काटेसाहेबांनी मान डोलावली. आतमध्ये काहीतरी आपटलं. बहुधा पेटी.

"बरं, ऐक," घड्याळजींचा आवाज आला. "मला काही झालंच, तर..."

"काही होत नाही तुला."

"ऐकून तर घे."

"नाही ऐकणार. इतकी वर्षं तुझं काही ऐकलं नाही, ते आज कशाला ऐकू?"

"अरे गाढवा, तू राहणार कुठे?"

कोणीतरी नाक ओढलं. ते कोणी हे समितीला निश्चित करता आलं नाही. दंतवैद्य बाई पायरीवर बसल्या. माझ्याशी कधी कोणी असं भांडलंच नाही, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि तो उलटा घातला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"भरलं," ते म्हणाले. "प्रमाणापेक्षा काकणभर जास्तच."

जुना मसुदा फाडला आणि नवा सर्वसाधारण सभेपुढे ठेवला. सभेला पुतण्याही हजर होता. विमा एजंट तावातावानं उभे राहिले. दाराबाहेर कान लावून लग्न ठरतं का, आज हे मानलं तर उद्या कोणीही उठून लग्न झालंय म्हणेल, तपासणी अजून कडक हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. बऱ्याच माना हलल्या. पुतण्यानं टाळी वाजवली. सर मागच्या खुर्चीवर घड्याळजींचा हात धरून बसले होते.

"मान्य," काटेसाहेब म्हणाले. "पण बाजारात एकाच दुकानाचा काटा तपासता येत नाही. तपासायचे तर सगळ्यांचे. उद्यापासून प्रत्येक मजल्यावर अचानक तपासणी होईल. जे जोडपं भरणार नाही, त्याचे हक्क ते भरेपर्यंत स्थगित."

मग एकदम सगळ्यांना आपापला खासगीपणा आठवला. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी घाईघाईनं कानात यंत्र बसवलं. विमा एजंट तर पत्नीकडे वळून चक्क थेट म्हणाले, "अगं, काहीतरी बोल ना!" त्या उठल्या आणि त्यांनीच ठराव मांडला: 'या इमारतीत जे स्वतःला विवाहित म्हणवतील त्यांना विवाहित समजावे, कोणीही पुरावा मागू नये.' ठराव एकमतानं मंजूर झाला. इमारतीच्या इतिहासात पाण्याच्या टाकीनंतर हे दुसरंच एकमत.

टाळ्या थांबल्यावर सरांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"आम्ही दोघे विवाहित आहोत," ते म्हणाले.

पुतण्या काही बोलायला उठला, तोच विमा एजंटांनी त्याला खांदा धरून खाली बसवलं. "गप रे बाबा," ते म्हणाले, "पुन्हा तपासणी उकरून काढू नकोस."

घड्याळजींची शस्त्रक्रिया नीट पार पडली. ते घरी आले आहेत आणि खिडकी उघडी ठेवावी की बंद, यावरून तिसरा मजला सध्या दणाणून सोडत आहेत. सर त्यांचा एकही किस्सा पुरा होऊ देत नाहीत. मला ते ऐकून फार बरं वाटतं.

आता थोडं कामाचं. आमचा अहवाल सरकारला इतका पसंत पडला आहे, की समितीला मुदतवाढ मिळाली आहे. आमच्या इमारतीत तपासणीला बंदी असली, तरी इतरांच्या घरांना तो ठराव लागू नाही. दंतवैद्य बाईंनी राजीनामा दिल्यामुळे एक जागा रिकामी आहे (त्या चौथ्या लग्नाचा विचार करत आहेत). दोन परक्या माणसांच्या दाराला कान लावून, त्यांचं लग्न खरं की खोटं हे मनातल्या मनात ठरवता येणं एवढीच पात्रता आहे. तुम्ही इथवर वाचलंत, आतलं भांडण ऐकलंत आणि 'भरलं' असं आमच्याबरोबरच म्हणालात. त्या दोघांनी तुमच्याकडे निकाल मागितलेला नव्हता, हे तुम्हाला मधे कुठेही खटकलं नाही. अशीच माणसं आम्हाला हवी आहेत. अर्ज जरूर पाठवा, आणि त्यावर घरचा पत्ता लिहा. जोडीदाराला काही सांगू नका. आम्ही न कळवता येऊ.