बेरीज तीस, गुणाकार एकशेवीस

गाडीचा नंबर फुटल्याशिवाय सोपानअण्णा गेट उघडायचे नाहीत.

आमच्या वाडीच्या वर डोंगरात अर्धवट राहिलेल्या बंगल्यांची एक स्कीम आहे. अण्णा तिथे वॉचमन होते. ०८१५ नंबरची गाडी आली की पुटपुटायचे, "बेरीज आठ, गुणाकार पंधरा. तीन नि पाच. जावा." नंबर अवघड असला की गाडीवाला हॉर्न वाजवत बसायचा.

"काका, उघडा ना."

"थांबा वाईच. तुमचा फुटंना."

अण्णांचं वय बावन्न. दहावीचं फक्त गणित राहिलेलं, तेही चार वेळा. यंदा नव्या ठेकेदाराने सांगितलं, या निकालात पास दाखवा, नाहीतर घरी बसा. म्हणून दर शनिवारी कॉलेजातून गावी आलो की मी त्यांना शिकवायचो. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं, असं अण्णा धरून चालायचे. "मास्तर" म्हणायचे. ते खोडून काढायचा मला धीर झाला नाही.

वर्गसमीकरणाचे अवयव पाडणं मात्र मला नीट यायचं. मधल्या पदाइतकी बेरीज आणि शेवटच्या पदाइतका गुणाकार होईल असे दोन आकडे शोधायचे. अण्णांना हे इतकं आवडलं, की सूत्राचं पान आलं की ते वही मिटायचे.

"त्यात शोधायचं काय ऱ्हातंय? नुसतं भरायचं."

मीही म्हटलं, एवढ्यावर पास व्हाल. खरं म्हणजे सूत्र माझंच कच्चं होतं.

निकाल लागला. गणितात नऊ.

अण्णांनी खिशातून प्रश्नपत्रिका काढली. एका समीकरणावर बोट ठेवलं. मधे तीस, शेवटी एकशेवीस. वर स्पष्ट लिहिलं होतं, सूत्र वापरून सोडवा.

"चार नि तीस, चौतीस व्हत्यात. पाच नि चोवीस, एकोणतीस. मधीच कुटंतरी आसनार. मग पावणेपाच नि सव्वापंचवीस धरलं. बेरीज बराबर तीस. गुणाकार जरासाच कमी पडला बग."

जवळजवळ दोन तास ते एवढंच करत होते.

"अण्णा, बाकीची गणितं तुम्हाला येत होती."

"व्हय. ती काय, कुनीबी सोडिवत्यात. ह्याला तसंच टाकून फुडं जायचं जिवावर आलं."

असे दोन पूर्ण आकडे नसतातच, हे मला सांगायचं होतं. सांगितलं नाही. शिकवलं तर मीच होतं.

महिनाअखेर अण्णांनी गणवेश धुऊन ठेकेदाराला परत दिला.

"शनवारी येशील न्हवं, मास्तर?"

"आता कशाला, अण्णा? परीक्षा तर..." मी बोलून गेलो.



"गणित नको काढू," ते म्हणाले. "माज्याकडं शनवारचं तेवढं कुनीतरी येतंय."