सोपानआबांची उडवी

सोपानआबांना काहीही सांगायला जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बघितलं का ऐकलं?" एकदा त्यांच्या गोठ्यात साप निघाला म्हणून मी बोंबलत गेलो, तर आबांनी मला ओट्यावर बसवून साप कुठून आला, शेपूट कुणी पाहिलं, याची सविस्तर चौकशी केली. तेवढ्यात साप कंटाळून निघून गेला असावा. आबांची बायको वारल्यापासून त्यांच्या घरात उलटतपासणीला कुणी उरलं नाही, म्हणून तो सगळा भार शेजारी या नात्याने माझ्यावर आहे.

यंदा मे महिन्यात आबांचीच पेंढ्याची उडवी जळाली. बैलांची वर्षाची वैरण भर दुपारी राख झाली. आमच्या कार्ल्याच्या बाजूला ते राब भाजायचे दिवस. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा नि शेण पसरून जाळतात. ठिणगी कुणाच्याही राबातून उडाली असेल. पण गावाने मिलिंदला धरून चावडीपुढे आणलं. बुद्धविहाराजवळ राहणारा हा मुलगा आदल्याच दिवशी बांधावरून आबांशी भांडला होता. लोणावळ्याच्या हॉटेलात तो आता कायम होणार होता. पोलिसांत नाव गेलं की ते संपलं.

पोलीस ठाण्याला जायला जीप उभी होती. तक्रार द्यायला आबांनी चढायचं तेवढं बाकी होतं. मिलिंदची आई बाजूला खांबाला धरून उभी होती. चिडलेलं गाव कुणाचं ऐकत नाही.

आबा चढेनात. पुरावा काय, म्हणाले. याचे हात काळे आहेत, असं कुणीतरी सांगितलं. आबांनी सगळ्यांना हात पुढे करायला लावले. राब भाजून सगळ्यांचेच काळे होते, माझेसुद्धा. मग गर्दीतून गावातलाच दत्तू पुढे आला. त्याने मिलिंदला उडवीपासून पळताना पाहिलं होतं. कुणीकडे पळत होता, आबांनी विचारलं. विहिरीकडे, दत्तू खाली बघत म्हणाला.

"आग लावून मानूस घराकडं पळंल का इहिरीकडं?"

सरपंचांनी आवाज चढवला, मग कालच्या भांडणाचं काय? आबांनी मान डोलावली. मला वाटलं, आता संपलं.

"त्याला वजन हाय," ते म्हणाले. "पन बांधावरनं मी तुमा समद्यांशी भांडलोय. मग बसा की समदी जीपमदी."

जीप रिकामीच गेली. ज्याचं जळालं तोच जाळणाऱ्याची वकिली करतो म्हणत लोक आबांवरच चरफडत पांगले.

आबा घराकडे वळले नाहीत. मला घेऊन थेट मिलिंदच्या दारात गेले. मिलिंद धडपडत उठला. आता नव्याने चौकशी सुरू होणार, या धास्तीने मी मागेच थांबलो. पण या वेळी आबांचा प्रश्न वेगळाच होता.

"माजा राब भाजायचा ऱ्हायलाय," ते म्हणाले. "सकाळच्याला येशील का? माजी कारभारीन व्हती तवर जमत व्हतं. आता एकट्याला जाळ आवरत न्हाई."

"येतो, आबा," मिलिंद म्हणाला. आणि इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली त्याची आई उंबऱ्यावर बसून रडायला लागली.