वासूचा भोपळा

आमचा शेजारी वासू पाण्यावर झोपते. थट्टा नाही. दुपारी जेवला का माह्या विहिरीत उतरते, उताणा पडते, तोंडावर ओला दुपट्टा टाकते अन् घोरते. एकदा ढाणकीच्या बाजाराले जाणाऱ्या बाया वाकून पाहून गेल्या अन् गावभर बोंब झाली, मुडदा तरंगून राह्यला म्हणून. पोलीस पाटील दोर घेऊन आले. तं मुडदाच म्हणते, "कोण उभं हाय वरतं? बाजूले व्हा, ऊन येऊ द्या."

गावातल्या लेकरांले पोहणं त्यानंच शिकवलं. पण कवा शिकवन याचा नेम नाही. "पाण्याले घाई नसते, मामा," हे त्याचं उठता-बसता बोलणं. त्याले सोतालेही घाई नाही. लग्नाची नव्हती, ते राह्यलंच. वावराची नाही, तिथं गवत वाढते.

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्याची गोष्ट. माही बुढी, माही घरवाली, संक्रांतीच्या मागंपुढं गेली. घर खायाले उठे, त्याचं काय सांगू. बुढी दरसाल कुडावर भोपळ्याचा वेल चढवे. भोपळे वाळवून लेकरांच्या पाठीवर बांधे. भोपळा तरंगते, लेकरू बुडत नाही. आदल्या साली माही नात कुसुम पाण्यातून निघेना, ओढून काढा लागे. यंदा विहिरीचं नाव काढलं का गाईच्या कोठ्यात लपे. बुढीचा एकच भोपळा राह्यलता, चुलीवर टांगलेला.

"भेली पोट्टी," म्या वासूले म्हणलं. "दे ढकलून."

"पाण्याले घाई नसते, मामा."

मंग सुरू झाले याचे धंदे. घरात विकाले काढलेला कापूस पडला होता. यानं पोरीले त्याच्यात पालथं टाकलं, बाजूले सोता पडला, अन् दोघं हातपाय मारत बसले. कापूस अंगणात, कापूस वरणात, कापूस गाईच्या शिंगावर! मी काठी घेऊन धावलो तं म्हणते, "मामा, दम धरा, पोरगी अध्ध्या विहिरीत आली."

पोरगी हासे, पण चुलीवरचा भोपळा काढाले गेलं का रडे.

एक दिवस वासू म्हणे, "मामा, तिले पाण्याचं भेव नाही. आजीचा भोपळा फुटन, याचं भेव हाय."

"भोपळाच तो! त्याच्यासाठी कायले रडते?"

वासू उठला. घरी गेला अन् धुरानं काळाकुट्ट झालेला भोपळा घेऊन आला. "मामीनं देलता," म्हणे. "मी कुसुमएवढा होतो. माय मेली त्या साली." माह्या घरचा भोपळा याच्या आढ्याले टांगला होता अन् मले पत्ता नाही!

"हाही आजीचाच हाय," तो पोरीले म्हणे. "फुटला तं फुटू दे. तुहा घरी राहीन."

गाठ त्यानं बांधली. बुढीवानीच आत बोट घालून पाह्यलं, काचते का. पोरगी पायरीवर बसली, पाय बुडवले, अन् सरकली पाण्यात. वासू संग होताच. एक चक्कर झाली. दुसऱ्या चकरीत भोपळा दगडावर लागला अन् फाटकन फुटला.

म्या वरून बोंब ठोकली. पोरीले खबरच नाही. हात मारत पल्याड गेली, वळली अन् कुकली, "आबा, पाह्यलं का?"

वासू तरंगते तुकडे येचून दुपट्ट्यात बांधत होता. "पाणी नासते, मामा," म्हणे. पोरगी दिवस बुडेस्तोवर निघाली नाही. त्या दिवशी वासूची झोप हुकली.

संध्याकाळी पाह्यतो तं हा माह्या कुडापाशी उकिडवा बसून, तुकड्याले चिकटलेलं बी पुरून राह्यलता.

"अरे येड्या, इतक्या वर्षाचं बी, धुरानं भाजलेलं! हे उगवते काय?"

"पाण्याले घाई नसते, मामा."

"बियाले असते!" म्या त्याले मनसोक्त शिव्या देल्या. तो मान खाली घालून गेला.

मंग म्या बादली भरून आणली अन् तिथं वतली.