वर निळं, खाली निळं

माणसाच्या वरच्या आणि खालच्या वस्त्रांत एकमत असल्याशिवाय मनाला शांती लाभत नाही. हा विचार पांढरकवड्याच्या आमच्या शेजाऱ्यांचा, ट्रकदुरुस्ती करणाऱ्या गुणवंत फिटरांचा. त्यांना मात्र शांती लाभलेली मी कधी पाहिली नाही.

साठ-बासष्टच्या सुमारास, सगळं गाव धोतर-पायजम्यात वावरत असताना, हे गृहस्थ जाड निळ्या जीनचा शर्ट आणि त्याच जीनची पँट घालत. दोन्ही कापडाच्या एकाच ताग्यातली. ड्रायव्हर विचारत, "काय गुणवंतभाऊ, ताग्यातूनच उठून आले काय?" फिटर हसत नसत. शर्टाला ऊन जास्त, पँटीला घासणी जास्त. एक आधी फिकं पडलं तर? म्हणून दोन्ही एकाच बादलीत धुवायचे, एकाच दोरीवर घालून सारखे उलटवत राहायचे. मग सकाळी माझ्या दारात उभे. "गुरुजी, पाहा बरं. शर्टाचा रंग उडून राह्यला काय?"

"एखाद्या दिवशी पांढरा घाला की," मी एकदा म्हणालो.

"घातलता. मावसभावाच्या लग्नात सारेच पांढऱ्यात होते. तिथून बैलगाडीनं मायकडं गेलो. माय ओट्यावर बसली होती. मी पुढं उभा, अन् माय म्हणते, कोण पायजे जी?" त्यांनी शर्टाची बाही ओढून सरळ केली. "नजर गेली तिची. लांबून निस्ता रंग दिसते. मुंडक्यापासून पायापर्यंत एकच निळं असलं, तं वळखते."

एका रविवारी त्यांच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून मी त्यांच्या गावी गेलो. जगाच्या गाड्या नीट करणाऱ्या या माणसाच्या सायकलीचं चेनकव्हर मात्र वाटभर खडखडत होतं. ओट्यावरून म्हातारीनं हाक दिली, "आला काय गुणवंता? निळा निळा दिसला, तवाच समजलं." फिटरांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं, माझी ओळख करून दिली आणि पाणी आणायला विहिरीवर गेले.

मी उजवीकडे बसलो होतो. म्हातारी डावीकडे तोंड करून म्हणाली, "गुरुजी, दोन साल झाले, मले काहीच दिसत नाही. त्याच्या सायकलीच्या खडखडीनं समजते. त्याले सांगू नका."

परतताना फिटर म्हणाले, "चेनकव्हर लयच वाजून राह्यलं. उद्या कसून टाकतो."

"नको," मी इतक्या घाईनं म्हणालो, की त्यांनी ब्रेक दाबला. "राहू द्या. रस्त्यानं सोबत होते."

त्यांनी पुन्हा पायडल मारलं. मग म्हणाले, "अन् पँट? फिकी तं नाही पडली?"

"मुळीच नाही."

पँट जवळजवळ पांढरी झाली होती.