हाय स्ट्रीट, सकाळची वेळ

गावच्या मुख्य रस्त्याच्या, हाय स्ट्रीटच्या, फोटोच्या पोस्टकार्डावर अँब्रोज टिलेट वाटाण्याएवढाच होता, पण होता अगदी स्पष्ट. फोटोग्राफरनं ढगाळ सकाळी कॅमेऱ्याचं भिंग बराच वेळ उघडं ठेवलं होतं. त्यामुळे चालणारी माणसं आणि दूधवाल्याची घोडागाडी धुरासारखी पुसट आली होती. हलला नव्हता तो एकटा टिलेट. गॅस कंपनीतला हा चाळिशीचा कारकून, ज्याला ना बायको ना बहीण, बायकांच्या टोप्यांच्या दुकानासमोर खांबासारखा उभा होता. दुकानाच्या मालकीणबाई, मिस विनिफ्रेड पार्गेटर, यांनी हे पाहिलं तर टिलेटला थॉर्नबे गाव सोडावं लागलं असतं. आणि पाहणार कशा नाहीत? १९०९ साली घरोघर कार्डांचा आल्बम होता, आणि पाहुण्याच्या मांडीवर चहाच्या आधी तोच येऊन पडायचा.

"सगळीच द्या," टिलेट कार्डवाल्या बर्डॉकना म्हणाला.

"सगळी? एकाच चित्राची?"

"आत्या आहेत मला. पुष्कळ."

दुसऱ्या सकाळी मांडणी पुन्हा भरलेली. टिलेटनं तीही उचलली. तिसऱ्या दिवशीही तेच.

"अहो टिलेटसाहेब, काय कार्ड निघालंय!" बर्डॉक हात चोळत म्हणाले. "तुम्ही गेलात की पुन्हा मांडतो, तर संध्याकाळपर्यंत तीही साफ! नवी खेप मागवलीय. रंगीत!"

 उरलेली कोण नेतं, हे विचारायचा टिलेटला धीर झाला नाही.

रंगीत खेप आली. टिलेटला जन्मात न पाहिलेल्या रंगाऱ्यानं त्याच्या गळ्यात लालभडक टाय बांधला होता. टिलेटनं तीही घेतली. आता पलंगाखाली चपला सरकवायलाही जागा उरली नाही. इकडे बर्डॉकना चेव चढला. त्यांनी चित्र मोठं करून चौकटीत बसवलं आणि चर्चच्या शनिवारच्या पत्त्यांच्या स्पर्धेला देऊन टाकलं.

"बायकांचं पहिलं बक्षीस!" त्यांनी अभिमानानं सांगितलं.

शनिवारी सभागृहात टेबलं मांडली गेली. व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळात प्रत्येक टेबलाला दोन पुरुष, दोन बायका. डॉक्टरीणबाई सर्दीनं आल्या नव्हत्या. अशा वेळी एका पुरुषानं दंडाला फीत बांधून बाई म्हणून खेळायचं, ही रीत होती. आणि ती फीत निघाली की सगळे पुरुष छताकडे पाहायला लागायचे.

टिलेट ताडकन उठला. "मी होतो बाई."

"शाबास! रंग शोभतो हो तुम्हाला," कुणीतरी गुलाबी फितीवर टोमणा मारला.

टिलेट आयुष्यात खेळला नव्हता असा खेळला. जिंकत जिंकत पहिल्या टेबलावर पोचला, तर शेजारच्या खुर्चीत, विरुद्ध बाजूच्या बाई म्हणून, मिस पार्गेटर. दोघांचे जिंकलेले हात सारखेच झालेले.

"तुम्हाला हे बक्षीस हवंय, मिस्टर टिलेट?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"फार. तुम्हाला?"

"फार."

दोन पत्ते उरले. टिलेटकडे हुकूम होता; तो आत्ता टाकला की डाव त्याचा. पण मिस पार्गेटर खालचा ओठ दातात धरून पत्ते न्याहाळत होत्या, आणि टिलेट पाहत राहिला. पाहता पाहता त्यानं चौकटची दुर्री टाकली.

"अहो, हे काय केलंत!" समोरचा त्याचा भिडू, पाद्रीबाबा, कळवळला.

टाळ्या पडल्या. मिस पार्गेटरनी बक्षिसाची चौकट छातीशी धरली, चित्र आतल्या बाजूला.

"मी खुलासा करतो," टिलेट म्हणाला. "त्या दिवशी मी टोप्या..."

"कोणी पाहायच्या आत मला ते घरी न्यायचं होतं," त्या लाल होत म्हणाल्या. "बर्डॉक सगळ्यांना विकतात म्हणून रोज दुपारी जाऊन उरलेली घेत होते. सांगितलं, मला मावश्या आहेत."

"पण चित्रात तर मी आहे!"

त्यांनी चौकट जराशी वळवली आणि दुकानाच्या काचेवर बोट ठेवलं. काचेआड, दोन टोप्यांच्या मधोमध, एक चेहरा होता. रस्त्याकडे पाहणारा. जराही न हललेला.

टिलेट पुन्हा तसाच उभा राहिला.

सोमवारपासून बर्डॉककडचं एकही कार्ड हललं नाही. "लोकांच्या आवडीचं काही खरं नाही," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. मग वसंतात एका सकाळी टपालातून त्यांचंच कार्ड आलं, लाल टायवालं. मागे लग्नाचं निमंत्रण होतं. गावातल्या प्रत्येक घराला तेच कार्ड गेलं होतं, आणि तरी पलंगाखाली पुष्कळ शिल्लक होती.